तीन मतांनी हरलेला उमेदवार आणि नकाशावरून गेलेला मतदारसंघ

लोकसभेच्या मतदारसंघांची फेररचना हा विषय निघाला की चर्चा लगेच आकड्यांवर जाते. उत्तरेच्या जागा किती वाढतील, दक्षिणेचं काय होईल, मुंबई-पुण्याचं वजन वाढलं तर कोकण-विदर्भातल्या खेड्यांनी काय करायचं, असे प्रश्न येतात. प्रश्न रास्तच आहेत. पण मतदारसंघाची हद्द कुठून जाते यावर कुणाचा आवाज संसदेत पोचणार आणि कुणाचा वाटेतच विरणार हे ठरत असतं, ही गोष्ट त्या आकड्यांत हरवून जाते. नियमांची पुस्तकं वाचून ती नीट कळतही नाही. एखाद्या मतदारसंघाचं सगळं आयुष्य डोळ्यांखालून घातलं तर कळते.

म्हणून हा लेख एका परक्या मतदारसंघाविषयी आहे. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातला कार्मार्थन. १९१८ साली तो अस्तित्वात आला आणि १९९७ साली बरखास्त झाला. दूधदुभत्यावर जगणारी खेडी, एक-दोन बाजारपेठेची गावं आणि पूर्वेला थोड्या कोळशाच्या खाणी, एवढाच त्याचा पसारा. तरीही वेल्सला आज स्वतःची विधानसभा आहे आणि वेल्श भाषेची स्वतंत्र दूरचित्रवाहिनी आहे, या दोन्ही गोष्टींचा माग काढत गेलं की वाट कार्मार्थनवरूनच जाते.

आधी पाया: इथे जिंकतो कोण?

ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये, आज ६५० खासदार आहेत. प्रत्येक खासदार एका मतदारसंघातून येतो आणि ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी. निम्म्याहून जास्त मतं लागतात असं नाही. आपण लोकसभेसाठी वापरतो ती हीच पद्धत, आणि ती आपण घेतली तिथूनच.

दोघांत सरळ लढत असेल तर ही पद्धत साधी वाटते. चौघे उभे राहिले की हिशेब बदलतो. मग तिसऱ्या हिश्शाच्या थोडी वर मतं मिळवणाराही खासदार होऊ शकतो. याचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. पक्षाला मतं किती पडली याच्याइतकंच ती कुठे पडली याला महत्त्व येतं. फेब्रुवारी १९७४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत लिबरल पक्षाला देशभरातून सुमारे ६० लाख मतं मिळाली आणि जागा मिळाल्या फक्त १४. त्याच निवडणुकीत प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाला १ लाख ७१ हजारांच्या आसपास मतं होती, तरी जागा २ आल्या. लिबरल मतं सगळ्या देशावर पातळ पसरली होती. प्लाइडची मतं वेल्श बोलणाऱ्या खेड्यापाड्यांत एकवटलेली होती.

अशा वेळी हद्द हाच खेळाचा अर्धा निकाल असतो. शेताचा बांध चार हात सरकवला तर माती तीच राहते, विहीर तीच राहते, पण पीक कुणाच्या खळ्यात जाणार ते बदलतं. मतदारसंघाच्या हद्दीचं तसंच आहे.

१९१८ ची रेघ

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटनने मताधिकार वाढवला. २१ वर्षांवरच्या सर्व पुरुषांना आणि काही अटींवर ३० वर्षांवरच्या स्त्रियांना मत मिळालं. त्याबरोबर सगळ्या मतदारसंघांची नवी आखणी झाली आणि नैऋत्य वेल्समधल्या कार्मार्थनशर परगण्याचे दोन भाग पडले. दक्षिणेकडचा लानेली हा पत्र्याचे कारखाने, पोलाद आणि बंदराचा भाग. उरलेला कार्मार्थन म्हणजे टोवी नदीचं खोरं, कुरणं, गाई, छोटी शेतं आणि गावोगावची प्रार्थनामंदिरं. ही मंदिरं इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चपासून फुटून निघालेल्या पंथांची होती. भाषा, भजन आणि राजकारण या तिन्हींचं शिक्षण माणसाला तिथेच मिळायचं. १९६१ च्या जनगणनेतही या परगण्यातली सुमारे तीन चतुर्थांश माणसं वेल्श बोलत होती.

या एका रेघेने केलेली किमया पाहा. लानेली १९२२ मध्ये मजूर पक्षाकडे गेला आणि त्यानंतर ब्रिटिश संसदेच्या एकाही निवडणुकीत तिथे तो पक्ष हरलेला नाही, अगदी २०२४ पर्यंत. रेघेच्या अलीकडचा कार्मार्थन मात्र कधीच कुणाचा कायमचा झाला नाही. माणसं एकाच परगण्यातली, भाषाही बहुतेकांची एकच. पण कामगारवस्ती वेगळी केली गेल्यामुळे उरलेल्या ग्रामीण भागाला स्वतःचा कल दाखवायला स्वतंत्र जागा मिळाली. परगणा एकसंधच राहिला असता तर खेड्यांची मतं कारखान्यांच्या मतांत बुडाली असती, असं मला वाटतं.

सुरुवातीचा काळ, आणि ४७ मतं

पहिली काही वर्षं लिबरलांची होती. १९२४ च्या पोटनिवडणुकीत सर आल्फ्रेड मॉण्ड हे रसायन उद्योगातले बडे उद्योगपती लिबरल म्हणून निवडून आले. (मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर फक्त त्या जागेसाठी घेतात ती पोटनिवडणूक, आपल्याला हा शब्द ओळखीचाच.) पुढे लिबरल नेते लॉइड जॉर्ज यांच्या जमीनविषयक धोरणावरून त्यांचं पक्षाशी बिनसलं आणि १९२६ मध्ये ते हुजूर पक्षात गेले. कार्मार्थनच्या मतदाराने हुजूर पक्षाला कधी निवडून दिलं नाही; त्या पक्षाचा खासदार त्याच्या वाट्याला आला तो असा, पक्षांतरातून.

मॉण्ड उमरावपद मिळून वरिष्ठ सभागृहात गेले म्हणून १९२८ मध्ये पुन्हा पोटनिवडणूक लागली. लिबरल उमेदवाराला १०,२०१, मजूर पक्षाच्या डॅनियल हॉपकिन यांना १०,१५४ आणि हुजूर पक्षाला ८,३६१ मतं पडली. फरक ४७ मतांचा. वर्षभरातच हॉपकिन यांनी जागा जिंकली, १९३१ मध्ये गमावली, १९३५ मध्ये परत मिळवली.

१९४५ ची निवडणूक मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. युद्ध संपलं होतं, मजूर पक्षाची देशभर लाट होती आणि लिबरल पक्ष १२ जागांवर आला. नेमक्या त्याच वेळी कार्मार्थनने मजूर पक्षाच्या खासदाराला पाडून ऱ्हीस हॉपकिन मॉरिस या लिबरल माणसाला निवडलं. देश एकीकडे आणि कार्मार्थन दुसरीकडे, हे चित्र पुढेही दिसणार आहे.

१९५७: पक्ष बदलून आलेली लेक

हॉपकिन मॉरिस १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये वारले. तो सुएझचा काळ होता. इजिप्तने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं म्हणून ब्रिटन आणि फ्रान्सने इस्रायलच्या साथीने लष्करी कारवाई केली होती, ती अंगाशी आली होती आणि पंतप्रधान अँथनी ईडन यांना जानेवारी १९५७ मध्ये पायउतार व्हावं लागलं होतं.

मजूर पक्षाने उमेदवारी दिली मेगन लॉइड जॉर्ज यांना. माजी लिबरल पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज यांची ही मुलगी, वेल्समधून निवडून गेलेली पहिली स्त्री खासदार, एकेकाळी लिबरल पक्षाची उपनेती. दोनच वर्षांपूर्वी त्या मजूर पक्षात आल्या होत्या. समोर लिबरलांनी उभा केलेला उमेदवार सुएझच्या कारवाईचा समर्थक होता, आणि हुजूर पक्षाने आपला उमेदवारच दिला नाही. म्हणजे बापाच्या पक्षाचं नाव घेऊन उभा असलेला माणूस सरकारची बाजू मांडत होता आणि लेक विरोधकांची. लोक हिरीरीने मतदानाला उतरले. मेगन यांना २३,६७९, लिबरलांना २०,६१० आणि प्लाइडला ५,७४१ मतं पडली. जो ग्रिमंड यांनी लिबरल पक्षाचं नेतृत्व नुकतंच हाती घेतलं होतं. त्यांची सुरुवातच या पराभवाने झाली आणि पक्षाकडे संसदेत ५ खासदार उरले.

प्लाइडच्या ५,७४१ मतांकडे त्या वेळी कुणी फारसं पाहिलं नाही.

१४ जुलै १९६६

मार्च १९६६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मेगन आजारी होत्या. प्रचाराला फिरणंही त्यांना शक्य नव्हतं. तरी त्या ९,२३३ च्या मताधिक्याने आल्या. त्यांची मतं २१,२२१, लिबरल ११,९८८, प्लाइड ७,४१६ आणि हुजूर ५,३३८. प्लाइडचा उमेदवार तिसरा आला होता. त्याचं नाव ग्विनवर इव्हान्स.

१४ मे रोजी मेगन गेल्या. १४ जुलैला पोटनिवडणूक झाली. निकाल असा लागला: इव्हान्स १६,१७९, मजूर पक्ष १३,७४३, लिबरल ८,६५०, हुजूर २,९३४. साडेतीन महिन्यांत प्लाइडची मतं दुपटीहून जास्त झाली आणि १९२५ साली स्थापन झालेल्या पक्षाला ४१ वर्षांनी पहिला खासदार मिळाला.

हे घडलं कसं? वरचेच आकडे शेजारी ठेवून पाहा. मजूर पक्षाची जवळजवळ साडेसात हजार मतं कमी झाली, लिबरलांची तीन हजारांहून जास्त, हुजूर पक्षाची जवळजवळ अडीच हजार. एका पक्षाची मतं फुटून दुसऱ्याकडे गेली असती तर ही सरळ अदलाबदल म्हणता आली असती. इथे तिन्ही पक्षांची गळती झाली. मतदानही मार्चपेक्षा चार हजारांहून अधिक मतांनी कमी होतं. तरीही इव्हान्स यांची मतं वाढली.

त्यामागे माणूस होता आणि परिस्थितीही. इव्हान्स बाहेरून आणून बसवलेले नव्हते. ते कायद्याचे पदवीधर, पण लानगाडोग गावाजवळ भाजीपाल्याची शेती करत, टोमॅटो पिकवत. १९४९ पासून ते परगणा परिषदेचे सदस्य होते आणि १९४५ पासून पक्षाचे अध्यक्ष. युद्धविरोधी, गांधीजींना मानणारे. वेल्श ही त्यांची घरची भाषा नव्हती. त्यांनी ती कष्टाने आत्मसात केली होती, आणि मग तिच्यासाठी आयुष्य घातलं.

परिस्थिती म्हणाल तर खेड्यांची गाऱ्हाणी साचलेली होती. कार्मार्थन ते अॅबरिस्टविथ हा आगगाडीचा मार्ग १९६५ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला होता. छोट्या शाळा आणि खाणी यांच्यावर टांगती तलवार होती. शिवाय एक जखम ताजी होती, ती कार्मार्थनच्या हद्दीबाहेरची पण सगळ्या वेल्सला लागलेली. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून वेल्समधल्या ट्रिवेरिन खोऱ्यात धरण बांधलं गेलं आणि कॅपेल केलिन हे पूर्ण वेल्श बोलणारं गाव त्यात बुडालं. १९५७ मध्ये संसदेने त्याला मंजुरी दिली तेव्हा वेल्समधल्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलेलं नव्हतं. तरी कायदा झाला. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये धरणाचं उद्घाटन झालं. धरणाखाली गाव जाणं म्हणजे काय, हे कोयना-मुळशीच्या माणसाला सांगायला नको.

मजूर पक्षाचा उमेदवार वेल्शविरोधी होता असं मात्र समजू नका. ग्विलिम प्रिस डेव्हिस हे स्वतः वेल्श बोलणारे वकील होते आणि भाषेच्या हक्कांचे पक्के पुरस्कर्ते. त्यांचा पराभव त्यांच्या मतांमुळे झाला नाही. लंडनच्या पक्षात राहून वेल्सचं काम होतं, यावरचा लोकांचा विश्वास त्या उन्हाळ्यात ढळला होता.

पण ही नुसती रागाची मतं नव्हती का?

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. पोटनिवडणुकीत सरकार बदलत नाही, त्यामुळे मतदार राग काढायला मोकळा असतो. १९७० च्या सार्वत्रिक निवडणुकीत इव्हान्स हरलेच. मजूर पक्षाचे २७ वर्षांचे ग्विनोरो जोन्स ३,९०७ मतांनी जिंकले. मध्ये १९६९ मध्ये युवराज चार्ल्स यांचा ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणून समारंभ झाला होता. इव्हान्स त्याला गेले नाहीत आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. त्या निवडणुकीत प्लाइडने वेल्समधल्या सगळ्या ३६ जागा लढवल्या, एकही मिळाली नाही.

पण रागाचं मत वाया जातं असं मानणं मला चुकीचं वाटतं. कार्मार्थननंतर काय झालं ते बघा. मार्च १९६७ मध्ये ऱ्होंडा वेस्ट या खाणकामगारांच्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि मजूर पक्षाचं जवळजवळ १७ हजारांचं मताधिक्य २,३०६ वर आलं. १९६८ मध्ये कर्फिली इथे २१ हजारांवरचं मताधिक्य १,८७४ वर आलं. मधल्या काळात, नोव्हेंबर १९६७ मध्ये, स्कॉटलंडच्या हॅमिल्टनमध्ये विनी ईविंग या स्कॉटिश राष्ट्रवादी उमेदवार जिंकल्या. मजूर पक्षाच्या बालेकिल्ल्यांना असे तडे गेल्यावर सरकारने स्कॉटलंड आणि वेल्सला स्वतःचा कारभार द्यावा का, हे तपासायला राजेशाही आयोग नेमला. किलब्रँडन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आयोगाने १९७३ मध्ये अहवाल दिला आणि निवडून आलेल्या विधानसभांचा प्रश्न ब्रिटनच्या राजकारणात कायमचा येऊन बसला. एका खेड्यापाड्यांच्या मतदारसंघातली २,४३६ मतांची आघाडी इतक्या दूरवर पोचली.

एकटा खासदार करतो तरी काय?

सहाशेच्यावर सदस्यांच्या सभागृहात एका मताने कायदा अडत नाही. इव्हान्स यांनी वेल्शमध्ये शपथ घेऊ देण्याची विनंती केली, ती नाकारली गेली. पण प्रश्न विचारायला बहुमत लागत नाही. त्यांनी लेखी प्रश्नांचा सपाटा लावला. वेल्समध्ये रस्त्यांवर खर्च किती, शाळा किती, बेरोजगार किती. लेखी प्रश्नाला सरकारला उत्तर द्यावं लागतं आणि ते छापलं जातं. आजवर नुसती कुरबुर म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींना त्यामुळे सरकारी आकड्यांचा आधार मिळाला. आपल्याकडे एकट्यादुकट्या सदस्याने प्रश्नोत्तराच्या तासात सरकारला घाम फोडल्याच्या आठवणी जुन्या लोकांकडे असतात, त्यांना हे लगेच पटेल.

तीन मतं

आता फेब्रुवारी १९७४. २८ तारखेला मतदान झालं. कार्मार्थनमध्ये पुन्हा तेच दोघे, जोन्स आणि इव्हान्स. मतमोजणी झाली, फरक इतका थोडा निघाला की फेरमोजणी घ्यावी लागली, आणि एकदा घेऊन भागलं नाही. निकाल दुसऱ्या दिवशी जाहीर झाला. जोन्स १७,१६५. इव्हान्स १७,१६२.

पन्नास हजारांच्या आसपास मतं पडली होती आणि दोघांनाही त्यातली साधारण तिसरा हिस्सा मिळाली होती. म्हणजे तीनातल्या दोन मतदारांना विजयी उमेदवार नको होता, तरी तो पूर्णपणे कायदेशीर खासदार झाला. वर सांगितलेली पद्धत चौरंगी लढतीत कशी चालते ते याहून स्पष्ट दिसणार नाही.

ही पद्धत एका जागी किती निर्दय होते याचं हे उदाहरण आहे, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या रात्री देशात कुणालाच बहुमत मिळालं नव्हतं. मजूर पक्ष ३०१, हुजूर पक्ष २९७. अशा त्रिशंकू सभागृहात एकेका जागेला किंमत आली होती. प्लाइडचे दोन तरुण खासदार उत्तर-पश्चिमेतून निवडून आले, आणि ज्याने पक्षाला संसदेचं दार उघडून दिलं तो माणूस बाहेर राहिला. दोन माणसांनी मत फिरवलं असतं तर निकाल उलटला असता.

जेमतेम सात महिन्यांनी, १० ऑक्टोबरला, पुन्हा निवडणूक झाली. इव्हान्स यांना २३,३२५ आणि जोन्स यांना १९,६८५ मतं मिळाली. सहा हजारांवर मतं वाढली ती कुठून आली? फेब्रुवारीच्या निकालाने इतरांच्या मतदारांना कळलं होतं की इथे लढत दोघांतच आहे. तेव्हा लिबरल आणि हुजूर पक्षाच्या अनेकांनी आपला उमेदवार सोडून मजूर पक्षाला हरवू शकेल अशा माणसाला मत दिलं. आपल्याकडे ‘मत फुकट घालवू नका’ म्हणतात ते हेच. त्यामुळे ही सगळी २३ हजार मतं राष्ट्रवादाची होती असं धरणं चूक ठरेल. पुढच्या निवडणुकीत ते दिसलंच.

१९७९, आणि उपोषण

१ मार्च १९७९ रोजी वेल्सच्या विधानसभेसाठी सार्वमत झालं आणि वेल्सच्या जनतेनेच ती सुमारे चारास एक या प्रमाणात नाकारली. मे महिन्यातल्या सार्वत्रिक निवडणुकीत इव्हान्स १,९७८ मतांनी हरले. मजूर पक्षाचे डॉ. रॉजर थॉमस आले. हुजूर पक्षाची मतं यावेळी बरीच वाढली. उसनी आलेली मतं घरी परतली होती. १९८३ मध्ये तर प्लाइड तिसऱ्या क्रमांकावर गेला.

पण इव्हान्स यांचं सर्वांत मोठं काम खासदारकी गेल्यावर झालं. हुजूर पक्षाने निवडणुकीत वेल्श भाषेच्या दूरचित्रवाहिनीचं वचन दिलं होतं आणि सत्तेत आल्यावर काही महिन्यांतच ते फिरवलं. मे १९८० मध्ये इव्हान्स यांनी जाहीर केलं की ६ ऑक्टोबरपासून मी आमरण उपोषणाला बसणार. तेव्हा त्यांचं वय ६७ होतं. बोलून मागे हटणारा माणूस नाही, हे वेल्सला माहीत होतं, आणि हळूहळू लंडनलाही कळलं. १७ सप्टेंबरला मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने माघार घेतली. १ नोव्हेंबर १९८२ रोजी एस-फोर-सी ही वेल्श वाहिनी सुरू झाली. लहान मुलांना कार्टून आपल्या भाषेत बघायला मिळणं ही भाषेच्या दृष्टीने किती मोठी गोष्ट आहे, ते घरात मुलं असलेल्या मराठी आईबापांना वेगळं सांगावं लागणार नाही.

१९९७: मतदारसंघ गेला, परगण्याने कौल दिला

नव्वदच्या दशकात हद्दींची पुन्हा आखणी झाली. वेल्सच्या जागा ३८ वरून ४० झाल्या. जागा वाढल्या तरी जुना कार्मार्थन राहिला नाही. पूर्वेकडचा भाग कार्मार्थन पूर्व आणि दिनेवर झाला. पश्चिमेकडचा भाग इंग्रजी बोलणाऱ्या दक्षिण पेंब्रोकशरला जोडला गेला. पुढे या दोन तुकड्यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. पूर्व भाग २००१ पासून प्लाइडकडे गेला. पश्चिम भाग आधी मजूर आणि २०१० पासून हुजूर पक्षाकडे. माणसं तीच, शेतं तीच. पश्चिमेकडच्या वेल्श मतदाराचं मत त्यानंतर वेगळ्याच बेरजेत धरलं जाऊ लागलं.

मे १९९७ मध्ये मतदारसंघ संपला. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला विधानसभेसाठी दुसरं सार्वमत झालं. मोजणी २२ विभागांत होती. रात्रभर ‘नको’ची बाजू पुढे होती. शेवटचा निकाल यायचा होता तो कार्मार्थनशरचा, म्हणजे लानेलीसकट सगळ्या परगण्याचा. तिथे ‘हवी’ म्हणणारे ४९,११५ आणि ‘नको’ म्हणणारे २६,११९ निघाले, आणि पारडं फिरलं. सबंध वेल्सचा अंतिम फरक होता ६,७२१ मतांचा. इव्हान्स तेव्हा ८५ वर्षांचे होते. २००५ मध्ये ते वारले. विधानसभा त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

मग हद्दी कधी बदलूच नयेत का?

बदलायलाच हव्यात. लोक गाव सोडतात, शहरं फुगतात. एका मतदारसंघात ४० हजार आणि दुसऱ्यात ९० हजार मतदार असतील तर दुसरीकडच्या माणसाचं मत निम्म्याहून हलकं होतं, आणि त्याला अन्याय म्हणण्यावाचून पर्याय नाही. म्हणून ब्रिटनने २०२० मध्ये कायदा केला. मतदारसंघामागे सरासरी ७३,३९३ मतदार, फरक चालेल तो वरखाली ५ टक्के. अपवाद फक्त पाच, सगळे बेटांवरचे. या नियमाने वेल्सच्या जागा ४० वरून ३२ झाल्या. दुसऱ्या एकाही प्रदेशाला इतका मोठा फटका बसला नाही.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. मतांचं वजन सारखं असावं हे तत्त्व बरोबर आहे, पण ५ टक्क्यांची पट्टी फार अरुंद आहे. इतक्या आखूड मोजमापात नदीचं खोरं, बाजाराचं गाव, बोलीचा पट्टा या गोष्टींना जागाच उरत नाही. बेटांना सवलत मिळते कारण समुद्र नकाशावर दिसतो. भाषेचा किनारा दिसत नाही.

आपल्याकडेही २००८ च्या फेररचनेत ओळखीची नावं गेली. कराड गेला, पंढरपूर गेला, राजापूर गेला. नाथ पै आणि नंतर मधु दंडवते यांना कोकणातल्या खेड्यांनी वर्षानुवर्षं दिल्लीला पाठवलं ते राजापुरातून. देशभर काँग्रेसचं राज्य असताना या एका पट्ट्याने समाजवाद्यांना निवडलं, कारण त्या पट्ट्याला स्वतःचा मतदारसंघ होता. आपल्या लोकसभेच्या जागांचं राज्यवार वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठलेलं आहे आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसंच राहायची घटनेत तरतूद आहे. ते जेव्हा उघडेल तेव्हा कुठल्या राज्याला किती, यावर रान पेटेल. पण राज्याच्या आत रेघ कुठून गेली, कुठला तालुका कुणाला जोडला, याच्या सूचना-हरकतींच्या सुनावण्या सहसा रिकाम्या जातात. तिथे गेलं पाहिजे, नकाशा मागितला पाहिजे.

आत्ताची स्थिती

२०२४ मध्ये जागा कमी करताना दोन्ही तुकड्यांचे बरेचसे भाग पुन्हा एकत्र आले आणि मतदारसंघाला वेल्श नाव मिळालं, काएरव्हर्दिन. मागच्या सरकारमधले मंत्री सायमन हार्ट हुजूर पक्षातर्फे तिथे उभे होते. ते हरले आणि प्लाइडच्या अॅन डेव्हिस निवडून आल्या. वेल्सच्या विधानसभेसाठी, म्हणजे सेनेदसाठी, त्याच वर्षी वेगळा कायदा झाला. संसदेचे ३२ मतदारसंघ दोन-दोन जोडून १६ करायचे, प्रत्येकातून सहा सदस्य, आणि जागा मतांच्या प्रमाणात. ज्या पद्धतीत तीन मतांनी सगळं काही जात होतं ती तिथे संपली. आणि काएरव्हर्दिनची जोडी लावली आहे ती लानेलीशी, १९१८ मध्ये ज्याच्यापासून तो वेगळा काढला होता त्याच्याशीच.